पंचपदीचा प्रवास : पाठटाचणाच्या इतिहासातील एक प्रकरण

शिक्षण-महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या कोणत्याही मराठी शिक्षकास 'हर्बार्टची पंचपदी' म्हणजे काय असे विचारले, तर प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन ही पाच पदे तो न अडखळता म्हणून दाखवील. प्रस्तावनेच्या आधी 'पूर्वज्ञान' नावाचा एक रकाना भरावयाचा असतो, प्रस्तावना संपताच एका वाक्यात 'हेतुकथन' करावयाचे असते, आणि हे सारे पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत बसवावयाचे असते, हेही तो सांगेल. इतक्या सर्वपरिचित गोष्टीविषयी काही नवे सांगावयाचे उरले असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु हर्बार्टचे ग्रंथ उघडून पाहावे तर त्यांत ही पाच पदे नाहीत. तेथे आहेत ती चार. त्यांची नावे वेगळी आहेत. आणि त्यांतील शेवटचे पद तर शिक्षकाचे नसून विद्यार्थ्याचे आहे. चाराची पाच कशी झाली, जर्मनीतील एका तत्त्वज्ञाचा विचार आपल्या टाचणवहीतील रकान्यांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला आणि त्या वाटेत त्याचे काय गळून पडले, एवढ्याच प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी एका गोष्टीचा खुलासा करणे इष्ट होईल. पाठाचे नियोजन ही शिक्षणाइतकीच जुनी गोष्ट आहे, असे पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा लिहिलेले असते. ते खरे मानता येत नाही. पंतोजींच्या शाळेत आजच्या अर्थाने 'पाठ' नव्हता, कारण तेथे 'वर्ग' नव्हता. एक मुलगा धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवीत असे, दुसरा कित्ता वळवीत असे, तिसऱ्याची पावकी-निमकी चाललेली असे. ज्याचे जेथवर आले असेल तेथून तो पुढे जाई. सर्वांनी मिळून म्हणावयाची ती संध्याकाळची उजळणी. त्या पद्धतीत घोकंपट्टी होती, छडी होती, अर्थाकडे दुर्लक्ष होते, हे सारे मान्य केले तरी 'या मुलास सध्या काय येते' हा प्रश्न पंतोजींस वेगळा विचारावा लागत नसे. त्याचे उत्तर मुलाच्या पाटीवरच लिहिलेले असे.

वर्ग निर्माण झाला आणि मग हा प्रश्न उत्पन्न झाला. ह्या स्थित्यंतराचा एक धागा आपल्याच देशातून जातो, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. मद्रासजवळील एग्मोर येथे १७८९ मध्ये अनाथ मुलांच्या शाळेचे काम हाती घेतलेल्या अँड्र्यू बेलने देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली, ती रीत उचलली, आणि मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची योजना आखली. १७९७ मध्ये त्याने ह्या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे बेल आणि लँकेस्टर ह्यांच्या नावांनी ती पद्धती जगभर पसरली आणि १८२० नंतर मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीच्या द्वारे ती परत आपल्याकडे आली. परत आली ती मात्र वेगळे रूप घेऊन. मुलांच्या तुकड्या झाल्या, विषयाचे लहान लहान तुकडे झाले, आणि अमुक तुकडीने अमुक तुकडा अमुक वेळी घ्यावयाचा असे वेळापत्रक भिंतीवर लागले. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला आणि बाळशास्त्री जांभेकरांकडे त्याची सूत्रे आली. परंतु पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद भूषविणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ह्यांनी चालविलेले 'मराठी शालापत्रक' १८७५ पर्यंत शिक्षकांच्या हाती जात होते. मराठी शिक्षकाने आपल्या कामाविषयी मराठीत वाचावे व विचार करावा अशी सोय पंचपदी येथे येण्यापूर्वीच झालेली होती, एवढे ह्यावरून दिसते.

मात्र त्याच काळात दुसरीही एक गोष्ट घडत होती. १८६२ च्या सुधारित नियमावलीने इंग्लंडमध्ये 'निकालानुसार अनुदान' ही पद्धती सुरू झाली, आणि १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातही तिचा अवलंब झाला. निरीक्षक येणार, मुलांची एकेकाची परीक्षा घेणार, आणि जितकी मुले उतरतील तितका पैसा शाळेस मिळणार, असा हा व्यवहार. अशा व्यवस्थेत शिक्षकाने नियोजन करावयाचे ते कशाचे? नियोजन आधीच झालेले असते. ते निरीक्षकाच्या दप्तरात असते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी अज्ञानी व दरिद्री लोकांत शिक्षणाचा प्रसार करावयास ही निकालाची पद्धत मुळीच उपयोगाची नाही, असे स्पष्ट सांगितले होते. त्याच निवेदनात प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम कसा असावा हेही त्यांनी मांडले आहे: मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची सामान्य माहिती, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. कोणासाठी शिकवावयाचे हे आधी ठरवून मग काय शिकवावयाचे हे ठरविण्याची ही रीत आहे. आपल्या शिक्षण-महाविद्यालयांतील अभ्यासक्रमविषयक व्याख्याने टायलरपासून सुरू होतात. ती फुल्यांपासून सुरू करावयास काय हरकत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत आले आहे.

आता हर्बार्टकडे वळू. योहान फ्रीड्रिश हर्बार्ट (१७७६–१८४१) येना येथे फिख्टेच्या हाताखाली शिकला, आणि १७९७ मध्ये विद्यापीठाचा अभ्यास तसाच सोडून स्वित्झर्लंडमध्ये श्टायगर नावाच्या एका प्रशासकाच्या घरी खासगी शिक्षक म्हणून राहिला. शिकवावयास तीन मुले होती, चौदा, दहा व आठ वर्षांची. नेमणुकीची एक अट अशी होती की शिक्षकाने दर दोन महिन्यांनी मुलांच्या वडिलांस पत्र लिहून काय शिकविले, कसे शिकविले व मुलांची प्रगती कशी आहे, हे कळवावयाचे. त्या पत्रांपैकी पाच आज उपलब्ध आहेत. हर्बार्टच्या सगळ्या शिक्षणशास्त्राचा उगम ह्या पत्रांत आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तीन भाऊ एकाच घरात वाढलेले, एकाच शिक्षकाच्या हाती दिलेले; तरी थोरल्यास जे लागू पडते ते मधल्यास लागू पडत नाही, ह्या अनुभवाशी त्याची झुंज चाललेली दिसते. होमरच्या 'ओडिसी'पासून मुलांचे ग्रीक सुरू करावे, हा त्याचा पुढे गाजलेला आग्रह याच घरातला. व्याकरणाच्या दृष्टीने ते सोयीचे नव्हते. पण त्या वयाच्या मुलास समुद्रावर भटकणाऱ्या वीराची कथा ऐकावीशी वाटते, आणि जे ऐकावेसे वाटते त्याच्या आधाराने बाकीचे चालून येते, असा त्याचा हिशेब होता. १७९९ मध्ये बुर्गडोर्फ येथे तो पेस्तालोझ्झीस भेटला, हेही ह्याच मुक्कामात.

१८०२ मध्ये गटिंगेन येथे त्याने शिक्षणशास्त्रावर पहिले व्याख्यान दिले. त्यात त्याने एक शब्द वापरला, ज्यास मराठीत 'तारतम्य' ह्याहून चांगला प्रतिशब्द सुचत नाही. सिद्धान्त सामान्य असतो, प्रसंग विशिष्ट असतो. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकास सिद्धान्तापासून प्रसंगापर्यंत अनुमान करीत बसावयास वेळ नसतो. त्या क्षणी जे काम करते ते तारतम्य. शास्त्राचा अभ्यास त्या तारतम्यास आधीपासून वळण लावतो. त्याची जागा घेत नाही. हे चार वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मुख्य ग्रंथाच्या, म्हणजे १८०६ च्या 'सामान्य शिक्षणशास्त्रा'च्या, आधीचे विधान आहे. म्हणून तो ग्रंथ वाचताना ते मनात ठेवावयास हवे.

त्या ग्रंथात शिक्षणाचे साध्य म्हणून 'अभिरुचीची बहुमुखता' सांगितली आहे. मन एखाद्या वस्तूत बुडून जाते, आणि मग त्यातून बाहेर येऊन तिचा इतर गोष्टींशी मेळ घालते. ही तल्लीनता व हे चिंतन श्वासोच्छ्वासाप्रमाणे आळीपाळीने चालावीत. तल्लीनता स्थिर असेल तेव्हा 'स्पष्टता', ती एका वस्तूवरून दुसरीवर जाऊ लागली की 'साहचर्य', चिंतन स्थिरावले की 'व्यवस्था', आणि चिंतन पुढे चालू लागले की 'पद्धती'. ही ती मूळची चार पदे होत. ह्यांतील 'पद्धती' ह्या शब्दाने आपण फसतो. ती शिकविण्याची पद्धती नव्हे. विद्यार्थी स्वतः त्या व्यवस्थेतून फिरू लागतो, तिच्यात नवी भर घालू लागतो, तिचा उपयोग करताना आपल्या चुका आपण पाहू लागतो, ह्यास हर्बार्टने हे नाव दिले आहे. मनाच्या चार अवस्थांचे हे वर्णन आहे. घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही.

१८०९ मध्ये हर्बार्ट कांटच्या अध्यासनावर कनिग्सबर्ग येथे गेला. तेथे त्याने एक लहानसे शिक्षक-विद्यालय व त्यास जोडून सरावशाळा चालविली. १८३३ मध्ये तो गटिंगेन येथे परतला आणि आठ वर्षांनी वारला, तेव्हा शिक्षणक्षेत्रात त्याचा फारसा प्रभाव होता असे नाही. हर्बार्टपंथ उभा राहिला तो पुढील पिढीत. लाइप्झिग येथील तुइस्कोन त्सिलर (१८१७–१८८२) ह्याने 'स्पष्टते'चे दोन भाग केले: मुलांच्या मनात असलेल्या कल्पना मोकळ्या करून घेणे, आणि मग नवे त्यांच्यापुढे ठेवणे. येथे चाराची पाच पदे झाली. त्यांना आज आपणास परिचित असलेली नावे दिली ती विल्हेल्म राइन (१८४७–१९२९) ह्याने. आयझेनाख येथील शिक्षक-विद्यालयाचा प्रमुख असताना त्याने सहकाऱ्यांच्या साह्याने प्राथमिक शाळेच्या आठही वर्षांसाठी ग्रंथमाला सिद्ध केली आणि १८८६ मध्ये तो येना विद्यापीठात आला. पूर्वतयारी, प्रतिपादन, संयोजन, सामान्यीकरण, उपयोजन हे राइनचे शब्द. आपण ज्यास हर्बार्टची पंचपदी म्हणतो ती वस्तुतः त्सिलर-राइन ह्यांची आहे.

त्सिलरने केलेली भर चुकीची होती असे म्हणता येत नाही. उलट ती मोलाची होती. नवे ज्ञान कोऱ्या पाटीवर लिहिले जात नाही. आधीच्या ज्ञानाचा साठा त्यास ओढून घेतो, म्हणून त्या साठ्याची आधी चाचपणी केली पाहिजे, हे हर्बार्टच्या मानसशास्त्राचे मर्म त्याने वर्गातील एका कृतीत उतरविले. येनाच्या सरावशाळेत हे काम किती गंभीरपणे चाले हे पाहण्यासाठी देशोदेशीचे विद्यार्थी तेथे जात. आठवड्यातून एक पाठ सर्वांसमक्ष व्हावयाचा आणि मग त्यावर बैठकीत चर्चा व्हावयाची, असा तेथील परिपाठ होता.

परंतु एक महत्त्वाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थ तिच्या विस्मरणातून झाला. त्सिलर व राइन ह्यांच्या मते ही पाच पदे एका तासिकेची नव्हतीच. ती 'अध्यापन-घटका'ची होती. पहिल्या वर्षास परीकथा, दुसऱ्यास रॉबिन्सन क्रूसो अशी कथावस्तू मध्यभागी ठेवून तिच्याभोवती बाकीचे विषय गुंफावयाचे, ही त्यांची केंद्रीकरणाची कल्पना. आणि त्या कथावस्तूचा एक घटक कित्येक दिवस चालू शकत असे. सामान्यीकरणापर्यंत पोहोचावयास जितका वेळ लागेल तितका लागो. घटकाऐवजी तासिका आली आणि तीच पाच पदे मुलाच्या मनाऐवजी घंटेच्या तालावर पडू लागली. चाळीस मिनिटांत मूल नव्या गोष्टीशी परिचित होते, तिची जुन्याशी तुलना करते, त्यातून नियम काढते आणि तो नियम नव्या उदाहरणास लावून दाखविते, हे जेथे खरोखर घडते तेथे शिक्षकाचे अभिनंदन करावे. पण ते रोज, प्रत्येक विषयात, साठ मुलांच्या वर्गात घडते असे मानणे म्हणजे केवळ कागदावरचा विश्वास होय.

ही तासिका नेमकी कोठे शिरली हे एका ठिकाणी बोट ठेवून सांगण्यासारखे नाही. अमेरिकेत चार्ल्स डी गार्मो आणि चार्ल्स व फ्रँक मॅकमरी हे बंधू जर्मनीतून शिकून परतले. १८९५ मध्ये तेथे राष्ट्रीय हर्बार्ट संस्था स्थापन झाली. १८९७ मध्ये मॅकमरी बंधूंनी वर्गपाठाच्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. शिक्षक-विद्यालयांस शिकवावयास सोपे, तपासावयास सोपे असे काही हवे होते, आणि ते मिळाले. इंग्लंडमध्ये निकालानुसार अनुदानाची पद्धती ह्याच सुमारास मोडीत निघत होती. इतकी वर्षे निरीक्षकाच्या दप्तरात असलेले नियोजन आता शिक्षकाकडे आले. आणि ते कसे करावे हे सांगणारे शास्त्र म्हणून हर्बार्टपंथाचे स्वागत झाले. फेल्किन दांपत्याने हर्बार्टचा इंग्रजी अनुवाद १८९२ मध्ये प्रसिद्ध केला.

जॉन अ‍ॅडम्सचे 'शिक्षणास लाविलेले हर्बार्टीय मानसशास्त्र' हे पुस्तक १८९७ चे. शिकविणे ह्या क्रियापदास दोन कर्मे असतात, एक विद्यार्थी व दुसरे विषय, आणि शिक्षकास दोन्ही ठाऊक असली पाहिजेत, असा त्याचा मुद्दा पुढे घरोघरी झाला. आपल्या विद्यार्थ्यांस हा मुद्दा समजावून देताना इंग्रजी किंवा लॅटिन व्याकरणाकडे जाण्याचे कारण नाही. संस्कृत वैयाकरणांनी 'ब्रू' व 'शास्' हे धातू द्विकर्मकांत गणलेलेच आहेत. मराठी शालेय व्याकरणात मात्र 'गुरुजी रामाला गणित शिकवितात' ह्या वाक्यातील गणित हे प्रत्यक्ष कर्म आणि राम हे अप्रत्यक्ष कर्म होय. आमच्या बहुतेक टाचणांतही तसेच असते.

जॉन ड्यूई हा त्या अमेरिकन हर्बार्ट संस्थेशी निकटचा संबंध असलेला विचारवंत. त्याने १९१० मध्ये विचारप्रक्रियेवरील आपल्या पुस्तकात पंचपदीविषयी जो निर्णय दिला तो आजही वाचण्यासारखा आहे. पाठाची तयारी करताना शिक्षकाने ह्या पाच प्रश्नांचा विचार अवश्य करावा. प्रत्यक्ष पाठ मात्र त्या क्रमाने चालला पाहिजे असे नाही, हा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. तयारी जितकी पक्की, तितके वर्गात मोकळेपण जास्त. ड्यूईने तेथे स्वतःची म्हणून विचाराची जी पदे दिली तीही पाचच आहेत, आणि अडचण जाणवण्यापासून त्यांचा आरंभ होतो. हर्बार्टपंथी शिक्षकास उत्तर आधीच ठाऊक असते. ड्यूईच्या विद्यार्थ्यास प्रश्नही अजून नीट ठाऊक नसतो. दोहोंतील अंतर एवढे आहे. येथे हे मान्य केले पाहिजे की हर्बार्टच्या मूळच्या चौथ्या पदातील विद्यार्थी ड्यूईच्या विद्यार्थ्याच्या बराच जवळचा आहे. ड्यूईचा वाद वस्तुतः अनुयायांशी होता.

आपल्याकडे काय झाले? ११ मार्च १९०४ च्या सरकारी ठरावाने (तो लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीतील प्रसिद्ध ठराव) निकालानुसार अनुदानास निरोप दिला आणि माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. पदवीधरांस एक वर्षाचा अभ्यासक्रम असावा, प्रत्येक प्रशिक्षण-महाविद्यालयास सरावशाळा जोडलेली असावी, आणि बाहेर पडलेल्या शिक्षकाने शिकलेली पद्धती शाळेत गेल्यावर टाकून देऊ नये म्हणून महाविद्यालय व शाळा ह्यांचा संबंध टिकवावा, असे त्यात म्हटले होते. १९०६ मध्ये मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. इंग्लंडात हर्बार्टपंथाचा जोर असतानाच आमच्या प्रशिक्षणाचा आराखडा तयार झाला, हा योगायोग पुढील अर्धशतकास वळण लावून गेला. आणखीही एक कारण आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच अधिक बलवत्तर होते. वर्षभरात अमुक इतके सरावपाठ व्हावयाचे, प्रत्येक पाठ वेगळ्या शाळेत, वेगळ्या वर्गावर, एकाच तासिकेचा; परीक्षक दोन-तीन तासिका पाहून गुण देणार. अशा व्यवस्थेत अनेक दिवस चालणारा 'घटक' कोठून बसणार? छात्राध्यापकास त्या तासिकेतच सुरुवात, मध्य व शेवट दाखवावा लागे. पंचपदी तासिकेत कोंबली गेली ती हर्बार्टच्या आज्ञेने नव्हे, परीक्षेच्या सोयीने. निकालानुसार अनुदान गेले. टाचणानुसार गुण आले.

ह्यात सर्वांत मोठी हानी 'पूर्वज्ञान' ह्या रकान्याची झाली. स्वतःच्या प्रशिक्षणाच्या वर्षातील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सातवीच्या एका वर्गावर 'खारे वारे व मतलई वारे' हा पाठ होता. टाचण तपासून आले होते. पूर्वज्ञानाच्या रकान्यात 'विद्यार्थ्यांस वारा म्हणजे काय हे माहीत आहे' असे शुद्ध अक्षरांत लिहिले होते. प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारताच पहिल्या बाकावरील एका मुलीने सामान्यीकरणाचे संपूर्ण वाक्य म्हणून दाखविले, आणि मग फार आदबीने विचारले, "सर, आता फळ्यावर पाठाचे नाव लिहायचे ना?" आदल्या मंगळवारी दुसऱ्या एका छात्राध्यापकाने तोच पाठ त्याच वर्गावर घेतला होता. तिला वारा ठाऊक होता, मतलई वारा ठाऊक होता, आणि पंचपदीही ठाऊक होती. रकाना भरला गेला होता, पण त्यासाठी वर्गास कोणी काही विचारले नव्हते. त्सिलरने ज्या पदाची भर घातली ते पद म्हणजे मुलांच्या मनाची चाचपणी. ते गृहीतक बनले की उरलेली चार पदे कितीही सुबक असोत, त्यांस पाया राहत नाही.

'पंचपदी' ह्या शब्दाविषयीही दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. भजनाच्या परंपरेत पंचपदी म्हणजे ठराविक क्रमाने म्हणावयाची पाच पदे. तेथे क्रम बदलत नाही आणि पद गाळले जात नाही. तेच तिचे स्वारस्य आहे. 'पदे' ऐवजी आपण मनाच्या 'अवस्था' म्हटले असते तर मराठी शिक्षकाच्या मनात ह्या योजनेचे चित्र थोडे वेगळे उमटले असते की काय, असा विचार मनात येतो. याच परंपरेतील कीर्तनकार मात्र पूर्वरंग व उत्तररंग ही चौकट सांभाळूनही समोरचा श्रोतृवर्ग पाहून आख्यान आटोपते घेतो किंवा वाढवितो. त्यास हर्बार्टचे तारतम्य कोणी शिकविलेले नसते.

पंचपदीस आव्हान देणारे प्रयोग महाराष्ट्रात झाले नाहीत असे नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार केली. तिच्या दिनक्रमात साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगास दिलेली आहेत. मातृभाषेस चाळीस मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित ह्यांस मिळून चाळीस, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ह्यांस तीस, व्यायामास दहा व मधल्या सुटीस दहा. उद्योगाच्या अनुषंगाने बाकीचे विषय शिकवावयाचे, ह्यास 'समवाय' असे नाव मिळाले. हर्बार्टपंथाच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्यास येथे त्सिलरच्या केंद्रीकरणाची आठवण होते. झाकिर हुसेन बर्लिन येथे शिकलेले होते. त्यांच्यावर प्रभाव होता तो प्रामुख्याने केर्शेनश्टायनरच्या श्रमशाळेचा. पण मध्यभागी एक वस्तू ठेवून तिच्याभोवती अभ्यासक्रम गुंफण्याचा मोह व त्यातील धोका दोन्हीकडे सारखाच आहे. रॉबिन्सनच्या बेटावरून ओढूनताणून अंकगणित काढणारे जर्मन शिक्षक आणि टकळीवरून ओढूनताणून भूगोल काढणारे आपले शिक्षक ह्यांचे टाचण समोरासमोर ठेवले तर दोघांस एकमेकांची ओळख पटावयास वेळ लागणार नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांचे काम ह्याहून वेगळे. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, पाने, बिया, माती हीच शैक्षणिक साधने केली. आणि जी मुले गुरे राखावयास जातात त्यांच्यासाठी कुरणावरच शाळा भरविली. कुरणशाळेचे टाचण कसे असेल ह्याची कल्पना करून पाहावी. गुरे कोणत्या बाजूस चरावयास गेली आहेत ह्यावर त्या दिवसाची बैठक ठरणार. येथे तीन पक्षांपैकी विद्यार्थी हा पक्ष आधी निश्चित झाला, विषय त्याच्यामागून आला, आणि अभ्यासक्रमाची उद्दिष्टे सर्वांत शेवटी. शासकीय शाळेत हा क्रम नेमका उलटा असतो.

पुढील कथा थोडक्यात सांगता येईल, कारण ती बहुतेकांस परिचित आहे. १९४९ मध्ये राल्फ टायलरने अभ्यासक्रमाचे चार मूलभूत प्रश्न मांडले, १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्याचे सहकारी ह्यांचे उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध झाले, आणि १९५७-५८ च्या सुमारास ब्लूम स्वतः परीक्षा-सुधारणेच्या कामी भारतात येऊन गेला. १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. आमच्या टाचणात 'उद्दिष्टे' व 'स्पष्टीकरणे' हे रकाने आले ते ह्या प्रवाहातून. ब्लूमचा प्रश्न मुळात परीक्षेचा होता, हे येथेही लक्षात घेण्यासारखे आहे. पंचपदी मात्र गेली नाही; नव्या रकान्यांच्या खाली ती पूर्ववत् राहिली. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही उद्दिष्टे वर, आणि प्रस्तावनेपासून उपयोजनापर्यंतची पाच पदे खाली, अशा वह्या कित्येक पिढ्यांनी भरल्या. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची भाषा आली आणि तिच्याबरोबर अमेरिकन विज्ञानशिक्षणातील पाच टप्प्यांचा एक नमुना आला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात अदिती, बोध, अभ्यास, प्रयोग व प्रसार अशी 'पंचादी' सांगितली आहे. पाच ह्या संख्येचे हे सातत्य पाहून विस्मय वाटतो. परंतु प्रत्येक नव्या पंचकाविषयी इतिहासाच्या अभ्यासकाने एकच जुना प्रश्न विचारावा: हे पाच टप्पे किती वेळाचे आहेत, आणि ते ठरविणार कोण?

ह्या प्रश्नाचे उत्तर आराखड्यांत व ठरावांत सापडत नाही; ते टाचणवह्यांत सापडते. दुर्दैवाने त्या वह्या आपण साधने म्हणून जपलेल्या नाहीत. वार्षिक परीक्षा झाली की छात्राध्यापकांच्या वह्यांचे गठ्ठे वर्ष-दोन वर्षे कपाटात पडून राहतात आणि मग रद्दीत जातात. निवृत्त शिक्षकांच्या घरी माळ्यावर अशा काही वह्या अद्याप असण्याचा संभव आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यात त्यांचा शोध घ्यावा. मिळालेल्या वहीवर वर्ष, इयत्ता, विषय आणि शाळेचा प्रकार ह्यांची नोंद करावी. छापील रकाने असतील तर ते जसेच्या तसे उतरून घ्यावेत. पर्यवेक्षकांच्या लाल शाईतील शेऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. 'हेतुकथन विसरलात', 'फलकलेखन सुधारा', 'वेळेचे नियोजन नाही' असे शेरे पुष्कळ मिळतील. 'हे मुलांना आधीच येत होते' किंवा 'हे मुलांना अद्याप येत नव्हते' असा शेरा कोणत्या वर्षी, कोणत्या वहीत सापडतो, तो वेगळा टिपून ठेवावा.